खिळे

माझ्या नवऱ्याचं नाव शांतवन.
चाळीस वर्षं नाना पेठेतल्या छापखान्यात
खिळे जुळवले त्याने: लग्नपत्रिका, मयताचे कागद,
उपासनेच्या पुस्तिका, एकदा तर सर्कशीचं जाहीर पत्रक.
उलटी अक्षरं सरसर वाचायचा.
सरळ वाचताना डोळे दुखतात, म्हणायचा.

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी
दाढी करता करता
त्याच्या डोक्यातली पेटी पालथी झाली.
ससूनच्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली,
पेनाच्या टोकाने एक पांढरा ढग दाखवला.
इथे शब्द असतात, म्हणाला.

आता एकच उरलाय.
चहा देऊ? आमेन.
पाठ दुखते का? आमेन.
अहो, लाईट गेली. आमेन.
निरीक्षा मस्कतहून फोन करते, रडते,
तो सगळं ऐकून घेतो आणि तिलाही तेच.
कोंढव्याची तस्नीम येते मंगळवारी, गुरुवारी,
खाटेवर चित्रांचे पत्ते मांडते: केळं, कुलूप, छत्री.
छत्रीकडे बघून तो इतक्या श्रद्धेने आमेन म्हणाला
की ती पोर ओढणी तोंडावर धरून हसली,
मग मीही हसले,
मग आत जाऊन नळ सोडला
आणि पिंप भरून वाहेपर्यंत बाहेर आले नाही.

पाळकसाहेब येऊन गेले.
म्हणाले, बाई, देवाचा छापखानाही असाच,
आत्ता उलटं दिसतं, कागदावर उमटलं की कळेल.
मी त्यांना पोहे दिले.
मनात म्हटलं, साहेब, खिळा कधी हातात धरलाय?
चुकीचा खिळा कागदावरही चुकीचाच उमटतो.
शांतवन रात्र रात्र प्रुफं तपासायचा, ते काय उगाच?

माझं नाव सुवार्ता.
सु, वा, ता,
आणि वरचा रफार. तो वेगळा बसवावा लागे,
जिऱ्याएवढा, हमखास निसटायचा.
आमच्या लग्नपत्रिकेत त्याने तो स्वतः बसवला,
पाचशे प्रतींत एकदाही हलला नाही.
चार महिने झाले,
या घरात मला कुणी हाक मारलेली नाही.

खरं सांगते, प्रार्थना मी सोडली नाही.
फक्त शेवटचा शब्द सोडला.
मागणं मागते, गाऱ्हाणं घालते, मग गप्प.
तसंच होवो म्हणायचं,
तर काय होणार आहे ते आधी कळू दे की.
हे मी त्याला, वरच्याला, तोंडावर बोलले,
क्वार्टर गेटच्या सिग्नलला, रिक्षात,
मांडीवर डायपरचं पुडकं घेऊन.
रिक्षावाल्याने आरशात पाहिलं
आणि रेडिओ बारीक केला.

उत्तम शुक्रवारी चाकाच्या खुर्चीवरून त्याला देवळात नेलं.
पायऱ्यांवर चौघांनी उचलला.
बारा ते तीन. पंखे नुसते गरम वारा ढकलत होते.
वधस्तंभाची गोष्ट सुरू झाली. खिळ्यांपाशी आली.
तेव्हा त्याचा डावा हात हलला.
अंगठा आणि तर्जनी:
उचल, खाच चाचप, बसव.
उचल, चाचप, बसव.
पुन्हा एकदा.
मग चौथ्यांदा, जरा वर,
श्वास रोखून, जिऱ्याएवढं काहीतरी.

माशी हाकलत असेल, कोण जाणे.
कुणाला विचारणार?

प्रार्थना संपली. सगळं देऊळ तो शब्द म्हणालं.
शांतवन म्हणाला, मोठ्याने, अर्धा क्षण उशिरा,
मागच्या बाकावरची पोरं खुदखुदली.
मी ओठ हलवले.
आवाज फुटला की नाही, माहीत नाही.

उद्या शनिवार. उपासना नाही, तस्नीम नाही.
गोळ्या संपल्यात, त्या आणायच्या.
चादर बदलायची.
आणि झाडताना खाटेखाली नीट बघायचं,
निसटून तिथेच कुठे पडलं असेल,
बारीकसं.